केस वाढवलेले सात जण

मी फक्त "केस वाढवलेला होता" एवढंच म्हणालो होतो. पोलीस जमादारानं वहीत काय लिहून घेतलं ते मी वाचलं नाही. त्यानं बोट ठेवलं तिथं सही केली, तीही मुख्याध्यापकाची, लफ्फेदार, शेवटी शेपूट काढून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण माझ्या सहीला ते अजून कळलेलं नाही. जमादार म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासारख्या माणसाची जबानी म्हणल्यावर मग काय पाहायचं!" आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटलं. जेवायला बसलो तर दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बायको, गुरम्मा, म्हणालीसुद्धा, "आज भूक लई दिसायलीय." झोपही गाढ लागली. माणसाला आपण चूक केल्याचं आतून कळतं म्हणतात, पण मला काही कळलं नव्हतं.

झालं होतं ते असं. लातूर जिल्हा होऊन वर्षही उलटलं नव्हतं. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, त्यांचा रंग ताजा, आणि नळ मात्र फेब्रुवारीपासून कोरडे. आमच्या गल्लीत त्या दुपारी टँकर आला तो पाचव्या दिवशी. घागरी, पत्र्याचे डबे, बादल्या, सगळी रांग मोडून धावली. ड्रायव्हरनं गाडी मागं घेताना कोणाची तरी घागर चाकाखाली चेपली. ओरडा झाला, धूळ उठली आणि कुठूनतरी एक दगड आला. काच फुटली. ड्रायव्हरच्या भुवईतून रक्त आलं, त्यानं तसाच टँकर पळवला, आणि अर्धी गल्ली रिकाम्या घागरी घेऊन उभी राहिली. मी माझ्या ओट्यावर होतो. मला धूळ दिसली, धुळीत वर गेलेला एक हात दिसला आणि त्या हाताखाली खांद्यापर्यंत काहीतरी काळं दिसलं. ते केस असतील असं मला वाटलं. खरं तर वाटलंही नाही. जमादारानं "कोण व्हतं?" विचारलं तेव्हा माझ्या तोंडात ते उत्तर तयारच होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

तयार होतं, कारण सहा महिने मी ते घोकत होतो. आमच्या घरासमोर नालीवर एक पूल आहे, पूल कसला, दोन फरशा आणि कठडा. त्या कठड्यावर रोज संध्याकाळी चार पोरं बसत. त्यांचा म्होरक्या वीरण्णा, तेलाच्या दुकानदाराचा धाकटा. पुण्याला शिकायला गेला आणि दीड वर्षात शिक्षण सोडून केस घेऊन परत आला. पायांवर झाडू मारणारी बेलबॉटम, हातात तांब्याचं कडं, गळ्यात मण्यांच्या माळा, खांद्यावर टेपरेकॉर्डर. टेपमधून इंग्रजी गाणी, पोरांच्या तोंडातून धूर, आणि तो धूर नुसत्या विडीचा नसावा असा माझा कयास. कधी रस्त्यातल्या कुत्र्याला हार घालत, कधी चौघंच टाळ्या वाजवून नाचत. गल्लीतून जाताना माझी मान आपोआप आखडायची. सव्वीस जानेवारीला शाळेनं मला पाहुणा म्हणून बोलावलं, तेव्हा मी झेंड्याखाली उभं राहून सांगितलं की ही अख्खी पिढी वाया गेली आहे, शितावरून भाताची परीक्षा होते. टाळ्या पडल्या. घरी येऊन गुरम्माला ऐकवलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "शीत पातेल्यातलं बघायचं असतंय. रस्त्यावर सांडलेलं न्हाई." बायकांना भाषणातलं काय कळतं म्हणून मी तेव्हा सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मागच्या गल्लीतली पार्वतीबाई दारात आली. विधवा बाई, घरातच दोन फळ्यांचं किराणा दुकान चालवते, मुलगा मन्मथ आडत बाजारात मापाडी आहे, दिवसभर धान्य मापतो. एवढंच मला माहीत. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"गुरुजी, माझ्या मन्मथला रातच्याला उचलून नेलं वो. तुमी नाव घेतलं म्हणायलेत."

"मी कोणाचंच नाव घेतलं नाही, पार्वतीबाई."

"केस वाढवलेला म्हणला न्हवं? मग केस वाढवलेले समदे नेले. धा वाजता न्हावी बोलावलाय चौकीत. समद्यांची मुंडकी साफ करून, मार देऊन मगच सोडणार म्हणं." तिनं पदर तोंडाशी धरला आणि काढला. "गुरुजी, सून सात महिन्याची हाय. पैली दोन गेली तिची. पाच महिन्यांपासून त्यानं वस्तरा लावला न्हाई की कातर लावली न्हाई. मार खाईल तो, माराचं काय न्हाई. पण आज त्याच्या डोक्याला हात लागला तर गरवार पोर मरून जाईल माझी. मनानंच मरंल ती."

मी खुर्चीवरून उठलो होतो तो तसाच उभा राहिलो. आमच्यात बायको पोटुशी राहिली की नवरा केस काढत नाही. दाढीही नाही. हे मी जन्मल्यापासून पाहत आलो आहे. माझे वडील, चुलते, आडतीतले मुनीम, सगळे त्या दिवसांत जोग्यासारखे दिसायचे आणि लोक त्यांना बघून गालात हसायचे, 'काय, कधीचा पाळणा?' विचारायचे. आणि गल्लीतल्या एका पोराच्या मानेवर केस बघून ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. ती न यायला सहा महिन्यांची मेहनत लागली असणार.

"पार्वतीबाई, हे सगळं मानण्यावर असतं," मी म्हणालो. आयुष्यभर सामान्य विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे असल्या वेळी ते आधी बाहेर येतं. "केसांचा आणि बाळाचा काही संबंध..."

वाक्य पुरं झालं नाही, कारण गुरम्मा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती आणि माझ्या डोक्याकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, डोक्याकडे. ही नजर मी आधी एकदाच पाहिलेली. त्रेपन्न साली मी मुदखेडला शाळेत नवा लागलो होतो, आणि ती शिरूर अनंतपाळला माहेरी, आठव्या महिन्यात. नांदेडहून तपासणीला साहेब यायचे होते. मुख्याध्यापक म्हणाले, हे काय अवतार करून ठेवलाय, बाल काढून या, साहेबांना वाटेल शाळेत बैरागी ठेवलाय. मला शरम वाटली. स्टेशनासमोर लिंबाखाली न्हावी बसायचा, त्याच्यापुढं मी मान वाकवली. आरशात बघितलं तेव्हा साहेब मला पसंत करतील असं वाटलं, आणि साहेबांनी केलंही. सतरा दिवसांनी तार आली. गाडी, मग बस, मग बैलगाडी असं करत सासरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाळ मी पाहिलंच नाही. गुरम्मा भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जेवून घ्या." तीस वर्षांत त्यावर एक शब्द नाही. पुढे दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली, इस्लापूर, पुन्हा मुदखेड, मग लातूर अशा बदल्या झाल्या, आणि मी स्वतःची समजूत घालत आलो की तिच्या लक्षात आलंच नव्हतं. दमलेल्या बाईला नवऱ्याचे केस कशाला दिसतील?

"तवा गेलं ते गेलं," गुरम्मा आता म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मी कधी इचारलं न्हाई, का म्हणून तुमालाच ठावं. हे तरी वाचवा. जावा."

मी छत्रीही घेतली नाही. चौकी पाऊण मैलावर. सायकलरिक्षा मिळाली असती, पण उभं राहून वाट बघण्याचा धीर नव्हता. पायात जुन्या चपला, डोक्यावर एप्रिलचं ऊन, आणि मनात एकच हिशेब, दहाला किती कमी आहेत. पार्वतीबाई मागून येत होती, तिच्या धापांचा आवाज येत होता आणि मला मागं वळवत नव्हतं. तिला माहीत होतं, म्हणजे गुरम्माला. तीस वर्षं ती माझ्या ताटात भाकरी वाढत होती आणि तिला माहीत होतं. मी जे मानत नाही त्याचीच मला भीती वाटत होती, आणि मला आठवत होतं की केस काढताना न्हाव्याच्या यंत्राचा गारवा मानेवर कसा गोड लागला होता. बाजारातल्या गोलाईच्या वळणावर एक पोरगा सायकलचं पंक्चर काढत होता, मान खाली, हात काळे. पुढं नव्या कचेरीच्या आवाराबाहेर नोकरीसाठी नाव नोंदवायला रांग होती, दीडदोनशे तरी असतील, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्रं, तेल लावून चापून बसवलेले भांग, सगळे भिंतीच्या हातभर सावलीत अंग चोरून. एक जण उभ्या उभ्या गणितं सोडवत होता. माझ्या भाषणातली पिढी ती हीच. ह्यांना मी रोज बघत होतो, पण हे आवाज करत नाहीत, धूर सोडत नाहीत, माझ्या दारासमोर नाचत नाहीत, तेव्हा ते मोजण्यात आलेच नाहीत. असं काही मनात आलं आणि लगेच गेलं, कारण चौकीचं फाटक दिसलं आणि फाटकातून आत जाणारा न्हावी दिसला, धोकटी काखेत घेतलेला. मी पळालो. बासष्टाव्या वर्षी धोतराचा सोगा हातात धरून मी भर बाजारात पळालो.

फौजदार तरुण होता. अठ्ठावीस-तीसचा, म्हणजे त्याच पिढीतला, हेही मला तेव्हाच सुचलं. त्यानं उठून खुर्ची दिली. टेबलावर वीरण्णाचा टेपरेकॉर्डर मुद्देमालासारखा ठेवला होता. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि तिथं जमिनीवर पोरं ओळीनं बसलेली. मी आत डोकावलो आणि सगळी उभी राहिली.

ते मला अजून नीट सांगता येत नाही. कोणी हुकूम दिला नव्हता. गुरुजी वर्गात आले की उभं राहायचं, एवढंच त्यांच्या पायांना माहीत होतं. सात जण, मानेपर्यंत, खांद्यापर्यंत केस, रात्रभर भिंतीला घासून विस्कटलेले, एकाचा ओठ फुटलेला. तो ओठ फुटलेला वीरण्णा, तोही उभा राहिला. कठड्यावरून मला बघून कधी उठला नव्हता, किंवा कदाचित मीच तिकडे कधी नीट बघितलं नव्हतं.

"तुमच्या वर्णनाचे एवढे मिळाले, गुरुजी," फौजदार म्हणाला. "आता कोण ते तुम्ही सांगा."

मन्मथ कोणता ते मला ओळखू आलं नाही. मागून पार्वतीबाईनं "त्यो, त्यो दाढीवाला" म्हटलं तेव्हा कळलं. मी फौजदाराला एका दमात सांगितलं. बायको, सातवा महिना, आमची चाल, पहिली दोन. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. "आमच्याकडंबी पाळतात, गुरुजी," तो म्हणाला, आणि जमादारावर डाफरला, "ह्याला कशाला धरलास रे? दाढी दिसली न्हाई व्हय? सोड त्याला." एवढं सोपं होतं ते. मी खुर्चीवर बसलो आणि कोणाचे तरी पाय धरावेत इतकं बरं वाटलं.

"बाकीच्या सहा जणांत कोणाचं बाळंतपण न्हाई न्हवं?" जमादार म्हणाला आणि स्वतःच हसला.

"मग ह्यातला कोण, गुरुजी?" फौजदारानं विचारलं.

सहा जण माझ्याकडे बघत होते. पलीकडच्या बौद्ध वस्तीतला एक सावळा पोरगा पुढं आला. "गुरुजी, मी भुजंग. तलाठ्याच्या परीक्षेत पास झालोय. परवा मुलाखत हाय माझी, नव्या जिल्ह्यातली पैली भरती. मी काल टँकरपाशी नव्हतोच, घरी वाचत बसलो व्हतो. तुमी फकस्त सांगा, मी नव्हतो." त्याच्या बोलण्यात विनवणी कमी होती. फळ्यावर चुकलेलं गणित मास्तरला दाखवावं तसं तो सांगत होता.

मला सांगता आलं असतं. मी चेहरा पाहिला नाही, केसही पाहिले की नाही शंका आहे, काल दिलेली जबानी फाडून टाका. तोंडाशी आलं होतं सगळं. पण मग ती लफ्फेदार सही? मग मी कोण, अशी शंका पुढे आली. मुख्याध्यापक विरूपाक्ष पोलिसात खोटी साक्ष देतो. उद्या गल्ली म्हणणार, थेरडं ओट्यावर बसून वाटेल ते बरळतं. आणि आत कुठंतरी हेही होतं की मन्मथचं वेगळं, तो आपल्यातला, चाल पाळणारा. बाकीच्यांना केस वाढवायला कारण काय होतं? नुसती हौस. हौसेखातर वाढवलेले केस गेले तर गेले. भुजंगची मुलाखत, वीरण्णाचा फुटलेला ओठ, हे सगळं दिसत असूनही मी असा विचार केला, हे लिहून ठेवायला हवं.

"धूळ फार होती," मी म्हणालो.

"धूळ व्हतीच. पण ह्यातलाच एक असेल न्हवं?"

"असेल," मी म्हणालो.

न्हाव्यानं धोकटी उघडली. मन्मथ दारात अडखळला. "गुरुजी, मी तिथंच व्हतो की रांगेत. ह्यातलं कोणीबी न्हवतं वो तिथं. वीरू तर पडलेल्या म्हातारीला उचलायलता." मी त्याचा दंड धरला आणि "चल, आई थांबलीय" म्हणत त्याला ओढत बाहेर आणला. त्यानं झटका देऊन दंड सोडवून घेतला नाही, मोठ्या माणसाला तो झटका देणार नव्हता. फाटकाबाहेर पार्वतीबाई माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरकलो. तिला वाटलं, गुरुजींचा विनय.

घरी गुरम्मानं विचारलं, "वाचलं?" मी हो म्हणालो. "आणि बाकीची पोरं?" मी पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला, आणि मी पीत असताना ती समोर उभी राहिली, मग आत गेली. त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस मी ओट्यावर बसलो नाही. संध्याकाळी पुलावर कोणी आलं नाही. गल्ली शांत होती, मला हवी होती तशीच, आणि ती शांतता माझ्याच्यानं सहन होईना. दर तासाला मी खिडकीशी जाऊन कठडा बघून येत होतो. भुजंग तसाच मुलाखतीला गेला असेल. समोरचे साहेब त्या भादरलेल्या डोक्याकडे बघतील आणि तेही काहीतरी ठरवून टाकतील, मी ठरवलं तसं. सहा महिन्यांत उगवतील म्हणून मी केस विसरू शकतो, साहेबांना सहा महिने थांबायचं कारण नाही.

आज पाचव्या दिवशी टँकर आला. ड्रायव्हर दुसरा, शेजारी लाठीवाला शिपाई. रांग गपचूप लागली. गुरम्माची पाठ दुखते म्हणून घागर घेऊन मीच उभा राहिलो. लोकांनी "गुरुजी, पुढं व्हा" म्हणत मला पाचवा नंबर दिला. माझ्या पुढं सुमनबाई, कोपऱ्यावर भाजी विकणारी, आणि तिच्या पुढं तुळतुळीत डोक्याचा एक पोरगा, साधा पायजमा, हातात दोन डबे. पांढऱ्या टाळूवर वस्तऱ्याचे दोन ओरखडे. तो वळला तेव्हा मला कळलं. वीरण्णा होता, पण एवढंसं तोंड, कान पुढं आलेले, सोळा वर्षांचा वाटत होता.

सुमनबाईनं जीभ चुकचुकवली. "कोण गेलं रे लेकरा तुझं?"

त्याची नजर तिच्या खांद्यावरून माझ्यावर आली आणि क्षणभर थांबली. सांगून टाकेल, रांगेत सगळ्यांपुढं सांगेल, आणि त्याला तो हक्क होता.

"कोण न्हाई, मावशे," तो म्हणाला. "लई गरम व्हायलंय म्हणून काढून टाकले."

"बेस केलंस. माणसात आलास बग." ती माझ्याकडे वळून हसली. "न्हाई का वो, गुरुजी? माणसात आलं पोरगं!"

रांगेतले दोघेतिघे हसले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले, आता मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार म्हणून. चौकीतल्यासारखंच एका शब्दात सुटता आलं असतं.

"तो माणसातच होता, सुमनबाई," मी म्हणालो. आवाज माझा वाटेना, फार मोठा निघाला. "दगड मारणारा मी पाहिलाच नव्हता. केस वाढवलेला म्हणून मी खोटं सांगितलं. ह्याचे केस माझ्यामुळं गेले. सहा जणांचे गेले. मी आत्ता चौकीत जाऊन तसं लिहून देणार आहे."

शिपाईसुद्धा मान वळवून बघू लागला. सुमनबाईचा हात तोंडावर गेला. मी वीरण्णाकडे बघत होतो. त्यानं शिवी द्यावी, थुंकावं, काहीही करावं, असं मला फार फार वाटत होतं. त्याचे डबे भरले होते. त्यानं ते उचलून बाजूला ठेवले आणि ओला हात टाळूवरून फिरवला, पूर्वी केस मागं सारायचा तसा.

"भुजंगला परवाच न्हाई म्हणले, गुरुजी," तो म्हणाला. "घागर पुढं घ्या. मागं लोकं खोळंबलीत."